जास्तीचा हात

१

रविवारची सकाळची भांडी आवरली की ऋतिका एक जुना, टाकाऊ झालेला ड्रेस चढवायची, केस ओढणीत घट्ट बांधायची आणि खाडीच्या दिशेने चालू लागायची. सोसायटीच्या मागच्या फाटकातून बाहेर पडलं की बाळकुमचे टॉवर पाठीमागे राहतात आणि समोर एकदम चिखल, खारफुटी आणि आभाळ. तिच्या वडिलांनी, पंढरीने, बाकी सगळी जमीन बिल्डरला दिली, पण खाडीकाठचा एक एवढासा तुकडा ठेवला होता. त्यावर पत्र्याची शेड होती. आजोबांच्या वेळी तिच्यात मीठ भरून ठेवत. आता तिच्यात होडी होती.

होडी तिच्या धाकट्या भावाची. हर्षितने ती स्वतःच्या हाताने बांधली होती, मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून. मरीन प्लायच्या फळ्या कापल्या, तारेने एकमेकींना शिवल्या, सांध्यांत चिकट लुकण भरलं. ती लाकडी घोड्यांवर पालथी घातली होती आणि पुढचं काम, म्हणजे वरून फायबर मारणं, तेवढं राहिलं होतं. ते राहूनच गेलं. गेल्या शिमग्याच्या आधी मित्राच्या डुगडुगत्या होडीतून तो मासे धरायला गेला. होडी उलटली. मित्र पोहत काठाला लागला. हर्षित लागला नाही. अग्निशमनवाल्यांनी शोधलं, कोळीवाड्यातल्या पोरांनी शोधलं, भरती-ओहोटी चालूच राहिली आणि हळूहळू शोधणारी माणसं घरी गेली.

फायबरचं काम ऋतिकाला अवघड नव्हतं. माजिवड्याच्या एका डेंटल लॅबमध्ये ती कवळ्या बनवायची. साचे ओतायचे, घासायचे, पुन्हा घासायचे, यात तिचं तारुण्य चाललं होतं. इथे फक्त जबडा मोठा होता. काचेच्या धाग्यांचं पांढरं कापड तिने पालथ्या होडीवर अंथरलं, त्यावर रेझिन ओतलं, रोलरने बुडबुडे काढले. कापड भिजलं तसं पारदर्शक झालं आणि खालच्या लाकडाच्या रेषा पुन्हा दिसायला लागल्या, ओल्या मलमलीतून अंग दिसावं तशा. ते वाळून कडक झालं की घासायचं, मग दुसरा थर, मग पुन्हा घासायचं. तोंडाला मास्क, हातात लाकडी ठोकळा, ठोकळ्याला गुंडाळलेला वॉटर पेपर. काचेची कुसं मनगटाला लागून रात्रभर खाज सुटायची. पण काम छान चाललं होतं.

त्या रविवारी दुसरा थर घासत ती डाव्या अंगाला उभी होती. खर्र, खर्र, खर्र. हाताला लय सापडली होती. घाम डोळ्यांत उतरला म्हणून ती थांबली.

खर्र.

एक हात जास्तीचा वाजला.

२

पत्र्याची शेड. घुमणारच. तिने स्वतःला तेच सांगितलं आणि पुन्हा घासायला लागली. पण आता कान तिकडेच. थोडं घासून ती मुद्दाम मध्येच थांबली. पुन्हा तसंच. तिचा हात थांबल्यावर, अगदी थोड्या वेळाने, अजून एक. जोडीने काम करणारा माणूस आपल्याच नादात असतो, समोरचा थांबला हे त्याला उशिरा कळतं, तेवढाच तो उशीर.

तिने एक करून बघितलं. मुद्दाम आखूड हात मारले, इवले इवले, बोटभर. थांबली. मागून आला तो हात लांब होता. सावकाश आणि लांब.

पडसाद असा नसतो, हे तिला कळत होतं. पण शेडमध्ये चिंबोऱ्या यायच्या, हेही खरं होतं. भरतीला चिखलातून वर चढून त्या पत्र्याच्या कडेने फिरायच्या आणि नांग्या घासत राहायच्या. चिंबोरी असेल. चिंबोरीवर तिने तो विषय मिटवला.

तेवढ्यात पंढरी दारात येऊन उभा राहिला. एका वर्षात त्याचे खांदे उतरले होते.

"किती राहिलं?" त्याने विचारलं.

"एक थर अजून. मग फायनल घासाई. शिमग्याआधी होईल, बाबा."

"व्हायला पायजे." तो आत आला नाही. "भटजींना मी सांगून ठेवलंय. वरीस पुरं होतंय. किती दिवस टांगून ठेवायचा त्याला?"

सगळं शकूवर, म्हणजे ऋतिकाच्या आईवर, अडलं होतं. हर्षितचे कुठलेच विधी तिने होऊ दिले नव्हते. जो दिसला नाही तो मेला कशावरून, एवढंच तिचं म्हणणं. वर्षभर ती जेमतेम जेवत होती, केसांना तेल नाही, कुणाच्या लग्नाला जाणं नाही. शेवटी पंढरीने तिच्या पुढ्यात बसून हात जोडले, तेव्हा ती म्हणाली होती, "परक्याचे होरीन मी नाय बसनार. माझ्या पोराची होरी हाय ना? ती तयार करा. तिच्यान बसून मना त्या जागेवर न्या. मंग काय बोलायचं ते मी बोलीन." होडीला ती होरी म्हणायची आणि खाडीला खारी, गावातल्या सगळ्या जुन्या बायकांसारखी.

म्हणून ऋतिका घासत होती. होडी झाली की आई सुटणार होती.

"बाबा," ती म्हणाली, "दुपारचं कोण येतं का रे शेडमध्ये? आपलं कुणी?"

"चावी तुझ्याकडेच हाय ना," पंढरी म्हणाला.

३

पुढच्या रविवारी तिने सगळ्यात आधी घोड्यांखाली वाकून होडीच्या आत बघितलं. मोबाइलचा टॉर्च लावला. चिंबोरी नव्हती. कोरडी जमीन, मीठ मुरून पांढरट झालेली.

आतली बाजू हर्षितने अर्धवट सोडली होती. शिवणीच्या तारांची टोकं, सांध्यांतून गळून तिथेच सुकलेले लुकणाचे ओघळ, प्लायचं खरखरीत अंग. टॉर्च फिरवता फिरवता तिचा हात थांबला. डाव्या अंगाला एक जागा गुळगुळीत होती. ताटलीएवढी. तिथले ओघळ नव्हते. तारेचं टोकही नव्हतं, लाकडाच्या पातळीला साफ घासून टाकलेलं.

आडवी होऊन तिने हात आत घातला आणि बोटं फिरवली. आयुष्यभर तेच काम केलेली बोटं. मशीनने घासलेलं वेगळं लागतं, हाताने घासलेलं वेगळं. हे हाताने केलेलं होतं. कुणीतरी दमादमाने, फार काळजीने केलेलं. खाली जमिनीवर भुकटीची छोटी रास पडली होती. लाकडाची, ताजी.

ती बाहेर आली आणि होडीच्या डाव्या अंगाला, आपण मागच्या वेळी जिथे घासत होतो तिथे, जाऊन उभी राहिली. एक हात बाहेरून ठेवला, दुसरा खालून आत घालून त्या गुळगुळीत जागेवर टेकवला. दोन तळवे एकमेकांसमोर आले. मध्ये फक्त फळी.

त्या दिवशी तिने काम केलं नाही. कुलूप लावलं, ते दोनदा ओढून बघितलं आणि घरी आली.

घरी शकू मेथी निवडत बसली होती. ऋतिकाने पंढरीला बाजूला घेऊन हळू आवाजात विचारलं, "तू आतून घासलंस का होडी?" पंढरी नाही म्हणाला. त्याने कधी हातात पेपर धरला नव्हता. "हर्षितनंच केलं असंल मागं, तुझं लक्ष नसंल," तो म्हणाला. तेही तिला पटण्यासारखं वाटत होतं. भुकटीचा ताजेपणा मात्र पटत नव्हता.

मेथीची काडी हातात तशीच धरून शकू त्यांच्याकडे बघत होती.

"कुठल्या अंगाला?" तिने विचारलं.

"काय कुठल्या अंगाला?"

"घासतोय तो. कुठल्या अंगाला?"

 शकूला उत्तराची गरज नव्हती. तिचा चेहरा आतून दिवा लावावा तसा उजळला. वर्षानंतर ती हसली होती.

४

त्यानंतर शकू चावी मागून घेऊन रोज शेडवर यायला लागली.

ऋतिकाने अडवायला हवं होतं. ते तिला तेव्हाही कळत होतं. पण आई जेवायला लागली होती. केसांना तेल लावायला लागली होती. एका सकाळी स्वयंपाकघरात ओले बोंबील तळल्याचा वास आला तेव्हा पंढरी बाहेरच्या खोलीत बसून नुसता रडला. अशा माणसाला कसं सांगायचं, की ती कशामुळे सावरतेय?

रविवारी शेडमध्ये शकू प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसायची आणि ऋतिका घासायची. ऋतिका थांबली की आतून हात यायचा. आता एक नाही, दोन-तीन यायचे. शकू मान डोलवायची.

"त्याचाच हात हाय. ल्हानपनी पन असाच. मी हाक मारली तरी हातातलं काम पुरं केल्याबिगर यायचा नाय."

"आई, प्लाय तापतो उन्हाने. ताणतो, वाजतो. आवाज त्याचा असू शकतो."

"मंग वाजू दे. तू घास."

ऋतिका दर वेळी वाकून आत बघायची. दर वेळी कुणी नसायचं आणि दर वेळी ती गुळगुळीत जागा थोडी मोठी झालेली असायची. आतून घासणारा तिच्या हाताच्या मागे मागे येत होता. ती पुढच्या टोकाला गेली की तिथे, मागे आली की मागे. एकदा ती मुद्दाम कण्यावर, अगदी मधोमध, घासायला उभी राहिली, जिथे आतून हात पोचवायला माणसाला उताणं पडावं लागलं असतं. ती थांबल्यावर तिथेही आतून खर्र वाजलं.

एका शनिवारी लॅब लवकर सुटली. ती घरी न जाता परस्पर शेडवर गेली. कुलूप उघडंच होतं. शकू होडीला डावीकडून टेकून उभी होती. पदर कमरेला खोचलेला, तोंडाला काही नाही, हातात वॉटर पेपर. ठोकळासुद्धा घेतला नव्हता. नुसत्या बोटांनी ती एकाच जागी घासत होती. फायबरचे दोन्ही थर कधीच गेले होते. काचेचे तुटके धागे कडेने केसासारखे उभे राहिले होते, त्यांच्यामध्ये उघडं लाकूड आणि त्या लाकडावर शकूच्या बोटांचं रक्त.

"आई! काय करतेस तू?"

"पातल करतंय," शकू मागे न बघता म्हणाली. "दोन्ही अंगानी घासलं त लवकर होईल. त्याला निघायला पायजे ना."

ऋतिकाने तिच्या हातातून कागद हिसकावून घेतला. शकूने विरोध केला नाही. पण कागद घेतल्यावरही, दोघी नुसत्या उभ्या असताना, फळीच्या पलीकडून घासण्याचा आवाज येतच राहिला. कुणाच्या मागोमाग नाही. आपला आपण. आता त्याला यांच्या हाताची गरज उरली नव्हती.

त्या रात्री पंढरीने जेवताना भटजींचा विषय काढला आणि शकूने ताट सारलं. "जिवंत पोराचं कसलं वरीस घालताव?" एवढं बोलून ती उठली. पंढरीने ऋतिकाकडे बघितलं. "काय घातलंस तू हिच्या डोक्यान?" तो म्हणाला. आवाज चढवला नाही, म्हणून ते जास्त लागलं.

५

दुसऱ्या दिवशी शकूच म्हणाली, "आपन आत बसू."

"कुठे आत?"

"होरीच्या खाली. तू भायेर आसतंस तवा तो आत आसतो. आपन आत बसलो त तो भायेर येल. मंग बघू त्याला."

ऋतिकाने खूप विचार केला. ती घाबरली होती, हे तिने स्वतःशी कबूल केलं. पण तिच्या डोक्यात एक सरळ हिशोबही होता. भर दुपारी, उजेडात, दोघींनी मिळून त्या होडीखाली बसायचं. काही होणार नाही. काही झालं नाही की आईला समजावता येईल. मग तिला घेऊन घरी जायचं आणि शेडला कुलूप लावून चावी बाबांकडे द्यायची.

दुपारी उन्हं कलली की शेडच्या पश्चिमेच्या दारातून सरळ आत येतात आणि होडीच्या डाव्या अंगावर पडतात. त्या वेळेला दोघी घोड्यांच्या मधून वाकून आत शिरल्या आणि जमिनीवर मांडी घालून बसल्या. होडीच्या कडा दोन्ही बाजूंनी गुडघ्यापर्यंत खाली आल्या होत्या. आत रेझिनचा आंबूस वास, मिठाचा वास आणि शकूच्या डोक्याच्या तेलाचा वास. डोक्यावर होडीचा तळ. अंधार म्हणावा असा नव्हता, पण सगळं तपकिरी दिसत होतं.

डाव्या अंगाला ती पातळ झालेली जागा मात्र उजळली होती. बाहेरचं ऊन तिथून झिरपत होतं. मधाच्या रंगाचा, ताटलीएवढा उजेड. त्यात लाकडाच्या रेषा पानावरच्या शिरांसारख्या दिसत होत्या.

दोघी बसून राहिल्या. लांबून घोडबंदर रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज येत होता. कुठेतरी क्रेन फिरत होती. ऋतिकाच्या पायाला मुंग्या आल्या. तिला हायसं वाटायला लागलं. चल आई, असं म्हणायला तिने तोंड उघडलं.

खर्र.

बाहेरून.

मधाच्या उजेडात सावली आली. ती पुढे गेली, मागे आली. घासणारा हात. मनगटापासून बोटांपर्यंत स्पष्ट दिसणारा, सावकाश जाणारा येणारा.

"हर्षित," शकू म्हणाली. अगदी साध्या आवाजात, जेवायला बोलवावं तसं.

सावली थांबली. मग हात चपटा होऊन फळीवर टेकला. पाच बोटं पसरली. शकूने आपला फडकं बांधलेला हात उचलला आणि आतून त्याच्यावर ठेवला. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं, आणि ऋतिकाने, हे तिला नंतर कधीच कुणाला सांगता आलं नाही, त्या क्षणी देवाला नमस्कार केला. तिचाही विश्वास बसला होता.

मग त्या हाताशेजारी दुसरा हात टेकला. तो लहान होता. चार-पाच वर्षांच्या पोराचा असावा एवढा. त्याच्या वर तिसरा आला, हाडकुळा, लांब नखांचा, आडवा. त्यांच्या फटींतून आणखी बोटं आली. एकमेकांवर, एकमेकांखालून, जागा मिळेल तशी. मधाच्या रंगाचा तो उजेड बोटांनी भरत गेला आणि आत अंधार झाला.

शकूने हात काढला नाही, पण तिचा श्वास बदलला. ती फळीच्या अगदी जवळ गेली. कान लावल्यासारखी. बराच वेळ ती तशीच होती.

"ह्यो माझा नाय," ती म्हणाली.

तेव्हा सगळीकडून घासायला सुरुवात झाली. पुढच्या टोकाला, मागच्या टोकाला, उजव्या अंगाला, डोक्यावर कण्याच्या बाजूने. सगळे एका लयीत. घाई नव्हती, राग नव्हता. पुष्कळ माणसांनी मिळून एखादं काम हातावेगळं करावं तसं चाललं होतं. होडी थरथरत होती. वरून लुकणाचे सुटलेले ओघळ त्यांच्या डोक्यावर पडायला लागले. बोटं सरकली की पातळ जागेतून उजेड यायचा आणि दर वेळी तो आधीपेक्षा पांढरा असायचा. मधाचा पिवळा झाला, पिवळ्याचा दुधासारखा झाला. फळी संपत आली होती.

ऋतिकाने गुडघे पोटाशी ओढून घेतले. होडीच्या कडेखालून बाहेरची जमीन दिसत होती, टीचभर. तिकडे बघायचं नाही, एवढंच तिने ठरवलं. तिथे पाय दिसले असते तर एक वेळ चाललं असतं. पाय दिसले नसते तर काय करायचं, हे तिला कळत नव्हतं.

शकूने लेकीचं डोकं ओढून आपल्या कुशीत घेतलं. आणि मग ती बोलली. मोठ्याने, वाडीवरच्या भांडणात बोलावं तसं.

"माझा पोर गेला! आयकलंत? हर्षित पंढरी गेला. वरीस झालं. माझ्या घरचं कोन पान्यान ऱ्हायलेलं नाय, मी कोनाची वाट बघत नाय. ही होरी कोनाची नाय. जा!"

आवाज एकदम थांबले नाहीत. एकेक करून थांबले, जत्रा पांगावी तसे. पुढच्या टोकाचा थांबला, मागचा थांबला, डोक्यावरचा थांबला. उजेडातली बोटं विरळ झाली. सगळ्यात शेवटी तो लहान हात उरला होता. तो थोडा वेळ तसाच टेकून राहिला, मग तोही सरला.

६

त्या बाहेर आल्या तेव्हा ऊन होडीवरून सरकून मागच्या पत्र्यावर गेलं होतं. दोघींनाही एकमेकींकडे बघवेना. ऋतिकाने होडीकडे बघितलं.

घासायचं सगळं काम पुरं झालं होतं. तिला अजून बरेच रविवार लागले असते. कोपरे, सांधे, कणा, जिथे कागद पोचत नाही त्या खाचा, सगळं एकसारखं घासलेलं होतं. कुठे ओरखडा नाही, कुठे उंचवटा नाही. बोट फिरवलं तर घसरावं अशी. तिच्या लॅबमध्ये असं काम कुणी केलं असतं, तर सगळ्यांनी गोळा होऊन बघितलं असतं.

जमिनीवर पांढऱ्या भुकटीचा थर पडला होता, चहूबाजूंनी, पीठ चाळून ठेवावं तसा. त्या नुकत्या बाहेर आल्या तेवढी पावलं सोडली, तर त्यावर एकही पाऊल नव्हतं. दोघी आत शिरताना उमटलेली त्यांची पावलंसुद्धा नव्हती.

संध्याकाळी पंढरी शोधत आला. त्याला काही सांगितलेलं नव्हतं. त्याने होडीवरून हात फिरवला आणि त्याचे डोळे भरून आले. "झाली की गं. मस्त झाली. शिमग्याला उतरवू."

"नाय उतरवायची," शकू म्हणाली. "तोडा तिला. होलीन टाका."

"आगं, तूच त म्हनालीस..."

"भटजींना सांगा. पोर गेला आपला." तिने ते सांगताना पदर डोळ्यांना लावला नाही. "मना होरीन बसून कुठं जायचं नाय. काठावरूनच करू."

पंढरी तिथेच भुकटीत बसला. वर्षभर तो हेच ऐकायला तडफडला होता. शकू त्याच्या शेजारी बसली आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. ऋतिका दाराशी उभी राहिली. तिला वाटलं, संपलं. एवढं मोठं दुःख घरात आलं, पण निदान सरळ दारातून आलं.

७

शिमग्याच्या पुनवेला दुपारी उधाण होतं. गावातली माणसं संध्याकाळी कुऱ्हाडी घेऊन येणार, होडीचे तुकडे करणार आणि होळीत टाकणार, असं ठरलं होतं. फायबरचा धूर वाईट असतो, असं ऋतिका एकदा म्हणाली, पण कुणी लक्ष दिलं नाही आणि तिनेही ताणलं नाही.

जेवणं झाल्यावर तिघं गॅलरीत बसली होती. खालच्या मोकळ्या जागेत पोरं होळीसाठी लाकडं रचत होती. पाणी चढलेलं दिसत होतं. खारफुटीचे नुसते शेंडे वर राहिले होते. पंढरी उठून कठड्याला टेकला. त्याच्या आठवणीत एवढं पाणी कधी आलं नव्हतं. शेडच्या दारातून ते आत गेलं होतं आणि दार बाहेरच्या बाजूला उघडून पाण्यावर हलत होतं.

"ती बघा," शकू म्हणाली.

होडी खाडीत होती. पालथी नाही, सुलटी. पात्राच्या मधोमध, ऊन अंगावर घेत. कुणीच नव्हतं तिच्यात. आतला रिकामा तळ इथून स्पष्ट दिसत होता. पण ती वर तरंगत नव्हती. कडांपर्यंत पाण्यात बसली होती, खचाखच माणसं भरल्यावर बसते तशी.

"हाताला पातल लागली होती ना ती एका अंगाला," पंढरी म्हणाला. "तिकडून पानी शिरलं असंल. बुडंल आता."

ऋतिकालाही तसंच वाटलं. तसं वाटून घ्यायला तिला आवडलं असतं. पण होडी बुडत नव्हती. भरतीचं पाणी आत, कशेळीच्या अंगाला, जोरात चाललं होतं. पेंढ्या, बाटल्या, निर्माल्याच्या पिशव्या सगळं तिकडे वाहत होतं. होडी त्याच्या उलट येत होती. सावकाश, नीट धरून चालवल्यासारखी.

शेडच्या समोर ती काठाला लागली आणि थांबली. एवढ्या ओढीत ती हललीसुद्धा नाही.  खाली पोरं ओरडत होती, कुणीतरी ढोल बडवून बघत होतं.

मग होडी उचलली गेली. थोडीशीच. तिच्या कडेखालची ओली पट्टी पाण्याबाहेर आली आणि उन्हात चकाकली. आतून एक माणूस उतरला की उचलते तेवढी.

थोड्या वेळाने होडीने तोंड फिरवलं आणि ती मधल्या पाण्याकडे निघून गेली.

पंढरी अजून काहीतरी बोलायचा प्रयत्न करत होता. पाणी, वारा, भोवरा. शकू उठली. ती बाहेरच्या खोलीत गेली आणि तिने दाराची वरची कडी घातली, खालची घातली. टेबल ओढून दाराला लावलं. मग ऋतिकाचा हात धरून तिला आपल्याजवळ जमिनीवर बसवलं. 

"दार उघडायचं नाय," ती म्हणाली. "त्याचा आवाज आला तरी नाय."